सुभेदार मल्हारराव होळकर : रणांगणातील सरदार आणि घरातील कर्ता पुरुष

पूर्वजांची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांच्या तलवारीकडे जाते, त्यांच्या घराकडे जात नाही. अमक्याने किती लढाया जिंकल्या, किती मुलूख मिळवला, याची यादी आपल्या मुलांना मुखोद्गत असते. परंतु तोच पुरुष मोहिमेवरून परतल्यावर घरात कसा वागे, पत्नीला कोणता मान देई, सुनेला काय शिकवी, दुःखाच्या प्रसंगी कुटुंबाला कसा सावरी, हे विचारावे असे कोणास वाटत नाही. सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या बाबतीत असेच झाले आहे. दरवर्षी ३१ मे या दिवशी आपण पुण्यश्लोक अहिल्यादेवींची जयंती भक्तिभावाने साजरी करतो आणि त्यांच्या प्रतिमेस हार घालतो. त्या प्रतिमेच्या पाठीशी जो वृद्ध सासरा उभा आहे, त्याच्याकडे मात्र आपली दृष्टी क्वचितच वळते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबंधू आणि भगिनींसमोर मल्हाररावांचे चरित्र, विशेषतः त्यांचा कौटुंबिक जीवनक्रम, आमच्या अल्पमतीप्रमाणे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

जन्म आणि मातुलगृह

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी धनगर समाजातील एका साध्या कुटुंबात झाला. नीरा नदीच्या काठचे होळ हे त्यांचे गाव. या गावावरूनच घराण्यास होळकर हे नाव पडले. वडील खंडूजी हे गावकीत मान असलेले, परंतु शेती आणि मेंढरे यांवर गुजराण करणारे गृहस्थ होते. जेजुरीचा खंडोबा हे या परिसराचे आराध्य दैवत. पित्याच्या आणि पुत्राच्या नावांत त्याच देवाचे स्मरण आहे.

बाळ मल्हार जेमतेम तीन वर्षांचा असताना खंडूजींचे छत्र हरपले. भाऊबंदकीचा जाच सुरू झाला, तेव्हा त्या विधवा मातेने लेकराला उचलले आणि खानदेशातील तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ यांचे घर गाठले. नीरेच्या काठापासून तापीच्या खोऱ्यापर्यंतचा तो प्रवास त्या काळी एका निराधार स्त्रीने केला, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढे मल्हाररावांच्या मनात स्त्रीच्या धैर्याविषयी जो आदर दिसतो, त्याचे मूळ कोठे असावे हे समजते.

भोजराज हे सरदार कदम बांडे यांच्या पदरी स्वारांचे पथक बाळगून होते. भाचा प्रथम मामाची मेंढरे राखी. रानात निजलेल्या मल्हारच्या मुखावर नागाने फणा धरून सावली केली, ही आख्यायिका आपल्या घराघरांत सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडला तरी एवढे खरे की, मेंढपाळाच्या पोराला ऊन, पाऊस, दिशा, पाणवठे आणि रानवाटा यांचे जे ज्ञान होते, ते पुढे घोडदळाच्या नायकाला फार उपयोगी पडले. मामांनी त्यास पथकात घेतले, घोड्यावर बसविले आणि त्याचे पाणी ओळखून आपली कन्या गौतमाबाई त्यास दिली. ज्या घरात आश्रित म्हणून आले, त्याच घराचे ते जामात झाले.

उत्कर्ष

थोरल्या बाजीरावांना जात किंवा कूळ यांपेक्षा माणसाच्या अंगची धडाडी अधिक प्रिय होती. त्यांच्या पारखी नजरेत मल्हारराव भरले आणि १७२५ च्या सुमारास पाचशे स्वारांची सरदारी त्यांच्याकडे आली. जुन्या धन्याची आठवण म्हणून बांड्यांचेच लाल-पांढरे निशाण त्यांनी पुढे आपल्या दौलतीचे निशाण केले, असे सांगतात. ज्याचे मीठ खाल्ले त्यास वैभवाच्या दिवसांतही न विसरणे हा त्यांचा स्वभावच होता.

यापुढील चाळीस वर्षांचा इतिहास हा मराठ्यांच्या उत्तरेकडील विस्ताराचाच इतिहास आहे. १७२८ साली पालखेडच्या मोहिमेत निजामाची रसद तोडण्याच्या कामात त्यांचे पथक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात माळव्यात अमझेरा येथे चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मोगल सुभ्याचा पराभव झाला आणि माळव्याचे दार उघडले. पुढे होळकर, शिंदे आणि पवार या तीन घराण्यांकडे माळव्याचा कारभार आला. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत गेले, त्या वर्षअखेरीस भोपाळजवळ निजामाची कोंडी झाली, १७३९ साली वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला गेला. या सर्व प्रसंगी मल्हाररावांचे निशाण फडकत होते. १७५८ च्या वसंतात रघुनाथरावांसमवेत मराठी फौजा लाहोरला पोहोचल्या, तेव्हा पासष्टीचे सुभेदार त्या मोहिमेत होते. होळच्या एका पोरक्या मेंढपाळाने नीरेपासून रावीपर्यंत घोडा नेला, हे स्मरून आपला ऊर अभिमानाने भरून येतो, यात नवल नाही.

परंतु लढायांची ही यादी आम्ही येथेच आवरती घेतो. ती अन्यत्र विस्ताराने उपलब्ध आहे. आम्हास वाचकांना न्यावयाचे आहे ते मल्हाररावांच्या घरात.

पत्नीच्या नावे खासगी

जुन्या काळी सरदारास जो मुलूख मिळे, त्यास सरंजाम म्हणत. तो फौजेच्या खर्चासाठी असे आणि चाकरी असेपर्यंतच चाले. चाकरी संपली किंवा धन्याची मर्जी फिरली की सरंजाम जाण्यास वेळ लागत नसे. आज लाखोंचा धनी असलेल्या सरदाराची बायकामुले उद्या दारोदार फिरू शकत. पोरकेपण भोगलेल्या मल्हाररावांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती.

१७३४ साली पेशव्यांकडून खासगी जहागिरीची सनद झाली, ती गौतमाबाईंच्या नावे झाली. मल्हाररावांच्याच इच्छेवरून असे घडले, असे होळकरशाहीचे इतिहासकार सांगतात. माळव्यातील आणि दक्षिणेतील काही महाल या सनदेने वंशपरंपरेने या कुटुंबाकडे आले आणि त्यांचे उत्पन्न घरच्या मुख्य स्त्रीच्या स्वाधीन झाले. तेव्हापासून होळकरांच्या घरात दोन वह्या चालू लागल्या. एक दौलतीची, म्हणजे फौज आणि राज्यकारभार यांची. दुसरी खासगीची, म्हणजे घरच्या धनिणीची. दौलतीच्या खर्चास खासगीचा पैसा सहजासहजी लागत नसे आणि खासगीच्या खर्चाविषयी सरदारालाही मालकिणीकडे पाहावे लागे.

आमच्या मते मल्हाररावांच्या चरित्रात या सनदेचे मोल एखाद्या मोठ्या विजयापेक्षा कमी नाही. वर्षातील आठ-दहा महिने घोड्यावर काढणाऱ्या पुरुषाने घराची किल्ली पत्नीच्या हाती नुसती ठेवली नाही, तर ती किल्ली तिचीच आहे असे सरकारदरबारी लिहवून घेतले. काळाच्या रिवाजाप्रमाणे मल्हाररावांनी अन्य विवाहही केले होते. तरी घरातील गौतमाबाईंचा अधिकार अखेरपर्यंत अबाधित राहिला. सुभेदारांचा स्वभाव तापट होता. त्यांचा राग शमविण्याचे सामर्थ्य एकट्या गौतमाबाईंत होते, असे जुनी माणसे सांगत आली आहेत.

सून घरात आली

गौतमाबाईंच्या पोटी १७२३ साली खंडेरावांचा जन्म झाला. एकुलता मुलगा, लाडाकोडात वाढलेला. त्याच्यासाठी मल्हाररावांनी सून शोधली ती मोठ्या सरदारघराण्यातील नव्हे. बीड आणि नगर यांच्या सीमेवरील चौंडी गावच्या माणकोजी शिंदे पाटलांची ती कन्या. वाटेवर मुक्काम असताना देवळात त्या चिमुरडीचा निर्भय आणि शांत भाव पाहून सुभेदारांनी तिला मागणी घातली, अशी कथा आहे. १७३३ साली विवाह झाला, तेव्हा अहिल्याबाई आठ वर्षांच्या होत्या. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे अशुभ मानीत, त्या काळी माणकोजींनी मुलीला अक्षरओळख करून दिली होती, असे चरित्रकार लिहितात.

सासरी आल्यावर ती ओळख पुसली गेली नाही, उलट वाढली. गौतमाबाईंनी तिला घरची शिस्त आणि खासगीचा हिशेब दाखविला. सुभेदारांनी तिला दौलतीचा कारभार दाखविला. वसूल किती आला, कोणत्या महालाची बाकी राहिली, मोहिमेवर दाणागोटा केव्हा निघावयाचा, कोणत्या कमाविसदारावर विश्वास ठेवावयाचा, या गोष्टी ती हळूहळू जाणू लागली. फौज दूर उत्तरेत असताना तिला पैसा, दारूगोळा आणि जनावरे पोहोचविणे हे काम घरून होत असे आणि ते चोख होते की नाही यावर लढाईचे पारडे फिरे. हे काम मल्हारराव विश्वासाने सुनेवर सोपवू लागले. या गुरुशिष्येच्या नात्यात सासरेपणाचा ताठा नव्हता.

१७४५ साली नातू मालेराव आणि १७४८ साली नात मुक्ताबाई यांचा जन्म झाला. याच सुमारास, १७४७ मध्ये, इंदुरात राजवाड्याचे काम सुरू झाले. पन्नाशी ओलांडलेल्या सुभेदारांच्या आयुष्यातील सुखाचे असे हेच काय ते दिवस.

कुंभेर

१७५४ च्या प्रारंभी मराठी फौजांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्यास वेढा घातला. मार्च महिन्यात एके दिवशी खंडेराव मोर्चांची पाहणी करण्यास गेले असता किल्ल्यावरून आलेला गोळा त्यांना लागला आणि ते जागीच गतप्राण झाले. पित्याचे वय तेव्हा एकसष्ट वर्षांचे, पुत्राचे एकतीस. ज्याने सारे आयुष्य रणांगणावर काढले आणि ज्याच्या अंगावरील जखमा मोजता येत नसत, त्या पित्याला एक ओरखडाही न येता डोळ्यांदेखत पुत्राचे कलेवर उचलावे लागले. सुभेदार दुःखाने वेडेपिसे झाले. किल्ला जमीनदोस्त करून त्याची माती यमुनेत टाकीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली, असे म्हणतात. ती प्रतिज्ञा सिद्धीस गेली नाही. मे महिन्यात खंडणीचा तह होऊन वेढा उठला.

परंतु त्याच छावणीत एक दुसरा वेढा पडला होता आणि तो सुभेदारांनी जिंकला. पतीच्या चितेवर चढण्याचा निश्चय करून अहिल्याबाई सिद्ध झाल्या होत्या. तो काळाचा रिवाज होता. त्यास विरोध करणे म्हणजे धर्मास आणि कुलाच्या मानास विरोध करणे, असे लोक समजत. मल्हाररावांनी तो विरोध केला. मोठा सरदार म्हणून आज्ञा न करता पुत्र गमावलेला म्हातारा म्हणून त्यांनी सुनेपुढे पदर पसरला. माझा खंडू गेला, आता तूच माझा खंडू, तूही गेलीस तर या वृद्धांचे आणि या दोन लेकरांचे कोण, असा त्यांच्या विनवणीचा आशय परंपरेने चालत आला आहे. नऊ वर्षांचा मालेराव आणि सहा वर्षांची मुक्ताबाई यांच्या मायेने आणि सासऱ्याच्या शब्दाने अहिल्याबाई मागे फिरल्या.

सत्याशी प्रतारणा होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, खंडेरावांच्या अन्य स्त्रिया त्या दिवशी सती गेल्या. सुभेदारांनी साऱ्या प्रथेविरुद्ध शस्त्र उचलले असे नाही. एका जीवाला त्यांनी वाचविले. पण ज्या हाताने वाचविले, त्याच हाताने तिला पुढे बारा वर्षे घडविले. विधवा सुनेला कोपऱ्यात बसवून केवळ जपमाळ हाती देण्याचा तो काळ होता. मल्हाररावांनी तिच्या हाती दौलतीच्या वह्या दिल्या.

पानिपत

मल्हाररावांच्या चरित्राचे लेखक येथे येऊन अडखळतात आणि आम्हासही ते टाळता येत नाही. १७५७ साली नजीबखान रोहिला मराठ्यांच्या हाती सापडला असता सुभेदारांनी त्याची बाजू घेऊन त्यास सोडविले. त्याच नजीबाने पुढे अब्दालीस साथ दिली आणि १७६० च्या जानेवारीत बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले. ही सुभेदारांची मोठी चूक होती. शिंदे आणि होळकर यांच्यातील कुंभेरपासूनचा दुरावाही त्या आपत्तीस कारण झाला. आपला पूर्वज म्हणून त्यावर पांघरूण घालणे योग्य नव्हे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडल्यावर फौजेचा धीर सुटला आणि मल्हारराव आपल्या पथकासह रणातून बाहेर पडले. यावरून त्यांच्यावर पळपुटेपणाचा आरोप करणारे आहेत. सदाशिवरावभाऊंनी कुटुंबकबिला सुखरूप नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती, असे सांगणारेही आहेत. जड तोफखाना आणि बायकामुले चंबळेअलीकडे ठेवून गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला त्यांनी आधीच दिला होता आणि तो मानला गेला नाही, असे बखरींतून येते. इतिहासकारांचा हा वाद अद्याप मिटलेला नाही आणि आमच्यासारख्या शाळामास्तराने त्याचा निवाडा करण्याचा आव आणू नये.

तथापि त्या दिवसानंतर काय घडले, हे निर्विवाद आहे. पानिपताच्या बातमीने सारा उत्तर हिंदुस्थान मराठ्यांविरुद्ध उठला, तेव्हा तेथे उरलेला वडीलधारा सरदार एकच होता. त्याच वर्षी गौतमाबाई निवर्तल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या स्त्रीने घर सांभाळले, ती गेली. अशा स्थितीत अडुसष्ट वर्षांचे मल्हारराव पुन्हा घोड्यावर बसले आणि नोव्हेंबर १७६१ मध्ये मांगरोळच्या लढाईत जयपूरच्या माधोसिंगाचा पराभव करून त्यांनी माळवा आणि राजस्थानातील मराठ्यांचा पाय पुन्हा रोवला. दुःखात खचून घर धरून बसण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तो त्यांनी वापरला नाही.

वृद्धापकाळ

गौतमाबाईंच्या पश्चात खासगी अहिल्याबाईंकडे आली. आता घरात सासू नव्हती, पती नव्हता. सासरा बहुधा मोहिमेवर. १७६३ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठी राक्षसभुवन येथे थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला, त्या मोहिमेत सत्तर वर्षांचे सुभेदार होते. १७६५ च्या मे महिन्यात शुजाउद्दौल्याच्या साहाय्यास जाऊन कोरा येथे ते इंग्रजांच्या फौजेशी लढले. येथे इंग्रजांच्या तोफखान्यापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. गनिमी काव्यात हयात घालविलेल्या बहात्तर वर्षांच्या योद्ध्याने त्या दिवशी येणाऱ्या नव्या युगाची चाहूल ऐकली.

याच १७६५ सालची त्यांची सुनेस लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. ती वाचताना आम्हास विशेष आश्चर्य वाटते ते त्यांतील विषयांचे. सासऱ्याने विधवा सुनेस लिहिलेली ही पत्रे. परंतु त्यांत व्रतवैकल्यांचा उपदेश नाही. चंबळ उतरून ग्वाल्हेरकडे जावे, तेथे काही दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना बरोबर ठेवावा, दारूगोळ्याची होईल तितकी तजवीज करावी, वाटेच्या रक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, अशा स्वरूपाच्या आज्ञा त्यांत आहेत. एखाद्या अनुभवी सेनापतीने आपल्या विश्वासू सरदाराला लिहावे तसे हे लेखन आहे. यावरून दिसते की, कुंभेरच्या छावणीत दिलेला शब्द त्या वृद्धाने अक्षरशः पाळला. सुनेला त्याने मुलाच्या जागी केवळ मानले नाही, मुलाचे काम दिले.

याच वर्षांत तुकोजी होळकर हे सुभेदारांच्या हाताखाली तयार होत होते. ते जवळच्या नात्यातील नव्हते. परंतु शूर, आज्ञाधारक आणि निष्ठावान होते. मालेरावाचा स्वभाव चंचल आहे, हे आजोबांच्या नजरेतून सुटले नव्हते. आपल्या माघारी घर उभे राहावे म्हणून ज्यांच्यावर भार टाकता येईल, अशी माणसे त्यांनी हयातीतच जोडून ठेविली.

आलमपूर

२० मे १७६६ रोजी बुंदेलखंडाच्या सीमेवरील आलमपूर या गावी मोहिमेच्या छावणीत मल्हाररावांनी देह ठेविला. वयाची त्र्याहत्तर वर्षे पुरी झाली होती. घरच्या पलंगावर मरण येण्याचे सुख त्यांच्या नशिबी नव्हते. सध्याच्या मध्यप्रदेशातील भिंड जिल्ह्यात असलेल्या या गावी अहिल्याबाईंनी त्यांची सुंदर छत्री उभारिली. लेकाने बापाचे जे करावे, ते सुनेने केले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मालेराव गादीवर आला आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, १७६७ मध्ये, वारला. वंशाला पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत यांनी रघुनाथरावांस हाताशी धरून दौलत घशात घालण्याचा घाट घातला. एक विधवा बाई काय करणार, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब चुकला, कारण त्या बाईने वीस-तीस वर्षे हिशेबच शिकले होते. कोणत्या सरदाराला पत्र धाडावे, पुण्यास माधवरावांकडे काय कळवावे, खजिना कोठे आहे आणि फौज कोणाच्या शब्दावर हलेल, हे त्यांना पाठ होते. माधवराव पेशव्यांनी त्यांच्या अधिकारास मान्यता दिली. फौजेचे आधिपत्य तुकोजींकडे आणि कारभार अहिल्याबाईंकडे, अशी व्यवस्था झाली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे देहावसान होईपर्यंत ती टिकली. सुभेदारांनी तयार केलेली ती दोन माणसे अठ्ठावीस वर्षे दौलतीचे दोन खांब होऊन राहिली.

आता त्या खासगीचे काय झाले तेही पाहू. काशीचे विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोरटी सोमनाथाचे मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे, ज्यांमुळे अहिल्यादेवींचे नाव आजही साऱ्या भारतात घेतले जाते, त्या दानधर्मास दौलतीचा पैसा लागला नाही. तो खर्च खासगीतून झाला. म्हणजे १७३४ साली एका सरदाराने आपल्या पत्नीच्या नावे जी वही उघडली, तिच्यातून सुमारे अर्ध्या शतकानंतर काशीचे देऊळ उभे राहिले. मल्हाररावांनी तलवारीने मिळविलेल्या मुलखाच्या सीमा पुढे कितीदा तरी बदलल्या आणि संस्थानही विलीन झाले. पत्नीला दिलेल्या त्या मानाचे फळ मात्र गंगेच्या काठी आजही उभे आहे.

आपले कर्तव्य

समाजबंधूंनो, आज अहिल्यादेवींच्या नावाने इंदूर आणि सोलापूर येथे विद्यापीठे आहेत. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले आणि २०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा आपण पाहिला. हा गौरव उचितच आहे. परंतु आम्ही शिक्षकाच्या पेशात अनेक वर्षे काढली आणि त्यात जे पाहिले, ते सांगितल्यावाचून आम्हास राहवत नाही. वर्गात पहिल्या रांगेत बसणाऱ्या, गणितात मुलांना मागे टाकणाऱ्या आपल्या समाजातील मुली आम्ही शिकविल्या. त्यांतील कितीतरी मुलींची नावे पटावरून लवकर कमी झाली, कारण सोयरीक जमली. ज्या शिकल्या, त्यांची प्रमाणपत्रे सासरी ट्रंकेच्या तळाशी गेली. घरच्या शेतीचा सातबारा कसा दिसतो, बँकेत किती शिल्लक आहे, कर्ज कोणाचे आणि किती, हे त्यांना कोणी दाखविले नाही. कर्ता पुरुष अचानक गेला म्हणजे मग त्याच सुनेला दिराच्या आणि चुलत्याच्या तोंडाकडे पाहत बसावे लागते. अशा प्रसंगी सांत्वनास गेलो असता त्या मुलीने कोऱ्या नजरेने आमच्याकडे पाहावे आणि आम्ही खाली मान घालावी, असे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे.

आपल्या घरी अहिल्यादेवी जन्मावी, असे सर्वांस वाटते. पण चौंडीची मुलगी एकटीच्या बळावर अहिल्यादेवी झाली नाही. तिला शिकविणारा बाप होता, जवळ बसवून हिशेब दाखविणारी सासू होती आणि दुःखाच्या घडीला चितेवरून मागे वळवून तिच्या हाती कारभार देणारा सासरा होता. आपल्या समाजात मुलींची वाण नाही, उणीव आहे ती मल्हाररावांची. म्हणून आमची प्रत्येक कुटुंबप्रमुखास नम्र विनंती आहे की, त्यांनी घरातील वह्या, उतारे आणि पासबुके सुनेपुढे आणि लेकीपुढे उघडी करावीत. जमिनीवर आणि घरावर त्यांचे नाव लावावे. विधवा झालेल्या सुनेस घरातील निर्णयात मानाने बसवावे. यास फौज लागत नाही आणि खजिनाही लागत नाही. सुभेदारांचा मोठेपणा आठवून एक दिवस संध्याकाळी घरच्या मंडळींसह एकत्र बसले म्हणजे पुरे आहे.

नीरेकाठच्या एका पोरक्या मुलाला आईने छातीशी धरून तळोद्यास नेले. त्या मुलाने मोठेपणी पत्नीला, सुनेला आणि नातवंडांना कधी पोरके होऊ दिले नाही. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या दीर्घ आणि कष्टमय आयुष्यास आमचे विनम्र अभिवादन असो. श्रीमार्तंड आपणा सर्वांस त्यांच्या वाटेने चालण्याची बुद्धी देवो.